शिन्कान्सेनच्या आधीची वीस वर्षं: युद्धानंतरच्या जपानमधली रेल्वे

रुळपट्टी

जपानी रेल्वेवर आपल्याकडे जे काही लिहिलं जातं त्याची सुरुवात बहुतेक वेळा १ ऑक्टोबर १९६४ ला, म्हणजे शिन्कान्सेन (बुलेट ट्रेन) सुरू झाली त्या दिवशी होते. पांढरी-निळी गाडी, मागे फुजी पर्वत आणि 'राखेतून उभा राहिलेला देश'. माझं म्हणणं असं की देश उभा करायचं काम तोवर उरकलं होतं आणि ते केलं साडेतीन फुटी गेजवरच्या कोंदट, फुटक्या काचांच्या गाड्यांनी. त्या काळावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

सुरुवात १९४५ पासून करू. शरणागतीच्या दिवशी, १५ ऑगस्टलाही गाड्या धावत होत्या. हिरोशिमातून जाणारा सान्यो मुख्य मार्ग बॉम्ब पडल्यानंतर दोन दिवसांत, ८ ऑगस्टला सुरू झाला. यात शौर्याइतकाच परिस्थितीचाही भाग आहे. अमेरिकेचा रोख शहरांवर आणि जहाजांवर होता. रेल्वेवर पद्धतशीर मोहीम उघडायच्या आत युद्ध संपलं. व्यापारी जहाजं बहुतेक बुडालेली, रस्ते कच्चे, ट्रक आणि पेट्रोल दोन्ही दुर्मीळ. म्हणजे माल असो की माणसं, सगळं रेल्वेच्याच अंगावर.

आणि माणसं किती? परदेशातून परतलेले सैनिक आणि नागरिकच साठ लाखांवर. हाकाता, साईसेबो, माइझुरूसारख्या बंदरांवर उतरायचं आणि तिथून रेल्वेनं गावी. त्यातच सुस्थितीतले डबे दोस्त सैन्यानं ताब्यात घेतले होते. त्यावर पांढरा पट्टा रंगवलेला असे, स्थानिकांना प्रवेश नाही. बाकीच्यांनी खिडकीतून चढायचं, नाहीतर मालाच्या वाघिणीत उभं राहायचं.

खरी कोंडी कोळशाची झाली. खाणीत युद्धकाळात सक्तीनं राबवलेले कोरियन आणि चिनी मजूर युद्ध संपताच निघून गेले आणि उत्पादन कोसळलं. कोळसा नाही म्हणून गाड्या नाहीत, गाड्या नाहीत म्हणून असलेला कोळसा खाणीच्या तोंडाशी पडून. जानेवारी १९४७ मध्ये एक्सप्रेस गाड्या सरसकट बंद कराव्या लागल्या. अर्थतज्ज्ञ आरिसावा हिरोमी यांनी मांडलेली 'प्राधान्य उत्पादन' योजना या गाठीवरच होती: पोलाद आधी खाणींना, खाणीतला कोळसा आधी पोलाद कारखान्यांना, बाकीच्यांनी थांबायचं. १९४७ साठी लक्ष्य ठेवलं ३ कोटी टनांचं आणि ते जवळपास गाठलंही.

खडीवाला

छान सुरुवात. फक्त 'साईसेबो' नाही, सासेबो.

लोकजीवनाची बाजू मी जोडतो. रेशनवर पोट भरत नव्हतं, त्यामुळे तोक्योची माणसं किमोनो, घड्याळं, जे असेल ते पाठपिशवीत घालून चिबा, साइतामाच्या खेड्यांत जायची आणि रताळी, तांदूळ घेऊन परतायची. याला जपानीत 'काइदाशी' म्हणतात. अन्ननियंत्रण कायद्यानं हे बेकायदा, त्यामुळे स्थानकांवर पोलिसांच्या झडत्या आणि जप्त पोत्यांचे ढीग. काळाबाजारातलं अन्न शिवायचं नाही असं ठरवलेले न्यायाधीश यामागुची योशितादा १९४७ मध्ये उपासमारीनं गेले. म्हणजे कायदा पाळणं शक्य होतं, जगणं शक्य नव्हतं.

याच गर्दीनं हाचिको मार्गावरचा अपघात घडवला. २५ फेब्रुवारी १९४७, १८४ मृत्यू. उतार, पुढे वळण, खचाखच भरलेली गाडी, वेग आवरला नाही. डबे रुळावरून घसरून बांधावरून खाली गेले. पण इतके जीव गेले ते डबे लाकडी होते म्हणून. लाकडी पेटी लोखंडी सांगाड्यावर नुसती बसवलेली असते; उलटली की तिचे फळकुटे होतात. यानंतर लाकडी डबे बदलायला जोर आला, पण नव्या डब्यांसाठी पोलाद कुठून आणणार? मग जुन्या डब्याखालचा १७ मीटरचा सांगाडा कापायचा, दुसऱ्या डब्याचे तुकडे जोडून तो २० मीटरचा करायचा आणि त्यावर पोलादी पेटी चढवायची. ही '६०' मालिका. १९४९ पासून सहा-सात वर्षांत लाकडी डबे यातूनच संपवले.

बॉयलर_फुटी

असाच जुगाड इंजिनांतही. दोस्त राष्ट्रांचं ताबा-प्रशासन नवी प्रवासी इंजिनं मंजूर करीना. मालवाहू D५२ मात्र पडून होती, कारण युद्धासाठी बांधलेली २८५ इंजिनं आता ओढणार काय? मग D५२ चा बॉयलर काढायचा, खाली १७५० मिमीच्या मोठ्या चाकांची नवी चौकट घालायची आणि कागदावर लिहायचं 'दुरुस्ती, रूपांतर'. हीच C६२. १९४८-४९ मध्ये ४९ झाली. मंजुरी मिळाली कारण 'नवं' काही नव्हतंच.

गंमत इथे संपते. D५२ युद्धातली घाईची बांधणी: धूर वळवणारे पत्रे लाकडाचे, बॉयलरचं वेल्डिंग निकृष्ट. काही D५२ चे बॉयलर प्रत्यक्षात फुटले होते. तेच बॉयलर C६२ वर आले आणि पुढे बऱ्याच इंजिनांचे बदलावे लागले. तरी १९५४ मध्ये एका C६२ नं किसो नदीच्या पुलावर ताशी १२९ किमी गाठले. साडेतीन फुटी गेजवर वाफेच्या इंजिनाला हा वेग म्हणजे कमालच.

आकडेमोड

हे सगळं ठीक, पण इथे १९४९ कुणी घेतलंच नाही. त्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

युद्धानंतर रेल्वेची कर्मचारीसंख्या सहा लाखांच्या वर गेली होती. परतलेले सैनिक, मांचुरियातल्या रेल्वेचे कर्मचारी, सगळ्यांना इथेच सामावून घेतलं. १९४८ च्या उन्हाळ्यात ताबा-प्रशासनाचे प्रमुख मॅकआर्थर यांच्या पत्रानंतर सरकारी नोकरांचा संपाचा हक्क गेला. १ जून १९४९ ला रेल्वे परिवहन मंत्रालयातून काढून 'जपान राष्ट्रीय रेल्वे' हे महामंडळ केलं. अमेरिकी सल्लागार डॉज यांच्या काटकसरीच्या धोरणाखाली सुमारे ९५ हजार जणांची कपात ठरली. ४ जुलैला पहिली यादी लागली, दुसऱ्या दिवशी महामंडळाचे पहिले अध्यक्ष शिमोयामा सादानोरी बेपत्ता, ६ तारखेला मृतदेह रुळांवर. १५ जुलैला मिताका इथे चालकाविना सुटलेल्या लोकलनं सहा जणांचा जीव घेतला. १७ ऑगस्टला मात्सुकावाजवळ रूळ उखडून गाडी पाडली, इंजिनावरचे तिघे गेले. मात्सुकावा खटल्यात कामगार संघटनांचे वीसही आरोपी शेवटी १९६३ मध्ये निर्दोष सुटले. तोवर संघटनेचं कंबरडं मोडलं होतं.

खर्चाचा हिशेब सरकारच्या हातात, भाडं ठरवायचा अधिकार संसदेच्या हातात आणि कामगारांशी भांडण मात्र महामंडळानं करायचं. पुढच्या तोट्याचं बी इथे पेरलं गेलं.

सबस्टेशन

२४ एप्रिल १९५१ चा साकुरागिचो अपघात नीट समजून घेतला तर युद्धकालीन काटकसर कशी उशिरा वसूल होते ते दिसतं. जरा सविस्तर लिहितो.

योकोहामातल्या साकुरागिचो स्थानकात ओव्हरहेड वीजतारांच्या इन्सुलेटरचं काम चालू होतं. त्यात आधारतार तुटली आणि तिच्याखालची संपर्कतार लोंबली. येणाऱ्या लोकलचा पुढचा पेंटोग्राफ (तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा) तिच्यात अडकून आडवा झाला आणि १५०० व्होल्ट डीसी थेट डब्याच्या छतावर आलं. डबा '६३' मालिकेचा, १९४४ पासून बांधलेला: आत प्लायवूडचं छत, रंग ज्वालाग्राही. भडका उडाला.

आता बाहेर पडायचे मार्ग बघा. दारं हवेवर चालणारी, ती उघडलीच नाहीत. दारं हातानं उघडता यावीत म्हणून हवा सोडायचा कॉक (तोटी) होता, पण कुठे आहे ते प्रवाशांना माहीत नाही, पाटी नाही. खिडकी तीन तुकड्यांची, कारण मोठी काच मिळत नव्हती. मधला तुकडा पक्का बसवलेला, त्यामुळे वरच्या-खालच्या फटीतून माणूस निघत नाही. दोन डब्यांमधलं दार आतल्या बाजूला उघडणारं, गर्दी त्यावर रेटल्यावर ते उघडणार कसं? १०६ मृत्यू.

सगळ्यात शिकण्यासारखं आहे ते वीजपुरवठ्याचं. त्या तारेला दोन बाजूंनी वीज मिळत होती. योकोहामा उपकेंद्राचा ब्रेकर (दोष आला की वीज तोडणारा स्विच) लगेच पडला, त्सुरुमी उपकेंद्राचा पडला नाही आणि काही मिनिटं आगीला वीज मिळत राहिली. कारण साधं आहे. डीसीमध्ये व्होल्टेज कमी, प्रवाह मोठा. दूरच्या दोषापर्यंत तारेचा रोध इतका होतो की दोषाचा प्रवाह चार लोकल एकदम सुटल्या तर जेवढा असतो तेवढाच दिसतो. ब्रेकरला फरक कळत नाही. उपाय: एका टोकाचा ब्रेकर पडला की दुसऱ्यालाही संदेश जाऊन तो पाडायचा. मुंबईच्या लोकल २५ हजार व्होल्ट एसीवर जाईपर्यंत १५०० डीसीवरच होत्या, तेव्हा हा प्रश्न आपल्याला परका नाही.

नंतर '६३' चे डबे बदलून ७२-७३ मालिका केली: पेंटोग्राफखाली दुहेरी इन्सुलेशन, डब्यांमध्ये मोकळी वाट, उघडणाऱ्या खिडक्या आणि कॉकवर ठळक पाटी.

गँगमन२१

त्या पाटीचा पुढचा अध्याय भयंकर आहे.

३ मे १९६२, तोक्योतलं मिकावाशिमा. मालगाडीनं सिग्नल तोडला, बगल-रुळाच्या टोकाला घसरून ती मुख्य डाउन मार्गात आली, तिला डाउन लोकल धडकली आणि तीही घसरून अप मार्गाच्या कडेला झुकली. इथवर जखमीच होते. प्रवाशांनी साकुरागिचो लक्षात ठेवून कॉक फिरवले, दारं उघडली आणि अप रुळांवर उतरून चालू लागले. सहा-सात मिनिटांनी अप लोकल आली. १६० मृत्यू.

सहा-सात मिनिटं हा मोठा अवधी आहे. पण गाडीच्या कर्मचाऱ्यांनी, स्थानकानं, सिग्नल केबिननं, कुणीच समोरची गाडी थांबवली नाही. म्हणून यानंतर दोन गोष्टी झाल्या. लाल सिग्नलकडे जाताना इशारा देणारी आणि चालकानं दाद दिली नाही तर ब्रेक लावणारी एटीएस यंत्रणा १९६६ पर्यंत सगळ्या मार्गांवर बसवली. आणि 'अपघात झाला की आधी शेजारच्या मार्गावरची गाडी रोखा, मग जखमींकडे बघा' हा नियम घोटवून घेतला. ऐकायला निष्ठूर वाटतं, पण हाच क्रम बरोबर आहे.

उएनो_फलाट

ग्रामीण भागाचा विषय निघाला नाही म्हणून लिहिते. आर्थिक भरभराटीला लागलेले हात उत्तरेकडून आले आणि तेही रेल्वेनं. एप्रिल १९५४ मध्ये उत्तरेतल्या आओमोरीहून तोक्योतल्या उएनो स्थानकाला 'सामूहिक नोकरभरती' गाडी सुटली. आत पंधरा-सोळा वर्षांची, नुकतीच माध्यमिक शाळा संपवलेली पोरं. प्रवास जवळपास एकवीस तास. सोबत शिक्षक, उएनोला मालकांचे माणूस नावाच्या पाट्या घेऊन उभे. कुणी दुकानात, कुणी छोट्या कारखान्यात, मुली कापड गिरण्यांत. यांना 'सोन्याची अंडी' म्हणत. दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये अशा खास गाड्या निघायच्या, १९७५ पर्यंत.

ही व्यवस्था प्रेमळ होती असं समजू नका. एकाच तुकडीत पोरं नेली की वेतन ठरवताना मालकाचा हात वर. आणि गाडी एका बाजूनं भरून जायची, परत येताना रिकामी.

जाताजाता

वाचतोय सगळं, जबरदस्त धागा. एक विचारू का? इतक्या कडकीत शिन्कान्सेनला पैसा आला कुठून?

आकडेमोड

@जाताजाता, लबाडीतून. शब्द जड वाटला तर 'धूर्तपणातून' म्हणा.

अध्यक्ष सोगो शिंजी १९५५ मध्ये आले, वय ७१. त्यांच्या आधीचे अध्यक्ष तोया-मारू (१९५४, ११५५ मृत्यू) आणि शिउन-मारू (१९५५, १६८ मृत्यू, त्यात शाळकरी मुलं) या रेल्वेच्याच फेरीबोटींच्या दुर्घटनांमुळे गेले होते. तोक्यो-ओसाका मार्ग तुंबलेला, चौपदरी करायचा तर जुन्याला समांतर साडेतीन फुटी मार्ग टाकावा असं बहुतेकांचं मत. सोगो आणि मुख्य अभियंता शिमा हिदेओ हटून बसले: वेगळा मार्ग, १४३५ मिमी गेज.

संसदेसमोर अंदाज ठेवला १९७२० कोटी येनचा. तो अपुरा आहे हे त्यांना ठाऊक होतं. खरा आकडा सांगितला असता तर प्रकल्प तिथेच मेला असता. मग जागतिक बँकेकडून कर्ज: ८ कोटी डॉलर, करार मे १९६१, मुदत २० वर्षं, व्याज पावणेसहा टक्के. एकूण खर्चात ही रक्कम लहानच. पण आंतरराष्ट्रीय कर्ज घेतलं की पुढच्या सरकारला काम अर्ध्यावर सोडता येत नाही. ही वाट वित्तमंत्री सातो एइसाकू यांनी सुचवली होती. खर्च गेला ३८००० कोटींवर, बोंब झाली, मे १९६३ मध्ये सोगो बाहेर, त्यांच्यासोबत शिमाही. उद्घाटनाच्या फलाटावर दोघांपैकी कुणी नव्हतं.

जाताजाताच एक भर: जागतिक बँकेनं भारताला दिलेलं पहिलंच कर्ज, १९४९ मधलं ३.४ कोटी डॉलरचं, रेल्वेच्या इंजिनांसाठी होतं.

रुळपट्टी

आणि वेळ वाचला तो युद्धाआधीच्या कामामुळे, हेही लिहा की. १९४० च्या सुमारास 'गोळी-गाडी' नावाची योजना मंजूर झाली होती. निहोनझाका बोगदा १९४४ मध्ये पूर्ण होऊन जुन्या मार्गानंच वापरला. शिन-तान्ना बोगदा १९४१ मध्ये सुरू होऊन १९४३ मध्ये थांबला होता, तो पुढे खणला. जमीनही बरीचशी तेव्हाच घेतलेली. त्याशिवाय ५१५ किमी साडेपाच वर्षांत होणं अवघड होतं.

बोगीबुवा

तंत्र युद्धातूनच आलं. सैन्य विसर्जित झाल्यावर विमानांचे अभियंते बेकार. रेल्वेच्या संशोधन संस्थेनं त्यांना घेतलं. मात्सुदाइरा तादाशी यांनी झीरो या लढाऊ विमानाच्या पंखांच्या थरथरीचा अभ्यास केला होता. वेगात चाकांची जोडी डावी-उजवीकडे नागमोडी हिसके देत जाते. रूळ वाईट म्हणून असं होतं हा जुना समज. त्यांनी दाखवलं की ही बोगीची (डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा सांगाडा) स्वतःची कंपनं आहेत आणि ठराविक वेगानंतर ती आपोआप वाढत जातात. म्हणजे रूळ सरळ करून भागत नाही, आसाला पुढे-मागे व बाजूला किती घट्ट धरायचं आणि बोगी वळताना किती विरोध द्यायचा ते मोजून ठरवावं लागतं. मिकी तादानाओ यांनी डब्यांचा आकार आणि वजन पाहिलं, लष्कराच्या कावानाबे हाजिमे यांनी सिग्नल. ताशी २०० किमीला चालकाला खांबावरचा सिग्नल नीट दिसत नाही, म्हणून परवानगीचा वेग रुळातून थेट केबिनमध्ये. ३० मे १९५७ ला तोक्योच्या गिन्झा भागातल्या व्याख्यानात या मंडळींनी सांगितलं: तोक्यो-ओसाका तीन तासांत शक्य आहे. तेव्हा सर्वांत वेगवान गाडीला साडेसात तास लागत होते.

खडीवाला

बोगीबुवा, मार्गाबद्दल मात्र फार कौतुक नको. वळणाची त्रिज्या किमान २५०० मीटर ठेवली हे उत्तम. पण मातीचे भराव घाईत टाकले, दबायला वेळ दिला नाही. म्हणून पहिलं वर्षभर ताशी २१० धावायचं सोडून कित्येक ठिकाणी वेगमर्यादा. ओसाका चार तास. ३ तास १० मिनिटं हे नोव्हेंबर १९६५ पासून. वाटेतल्या सेकिगाहाराला बर्फ पडला की डब्याच्या तळाला गोठायचा, पुढे गरम भागात सुटून खडीवर आदळायचा आणि उडालेली खडी डब्याखालची उपकरणं फोडायची. उपाय म्हणून रुळाकडेनं पाण्याचे फवारे, बर्फ ओला झाला की उडत नाही. मीटरला ५३ किलोचे रूळ पुरले नाहीत, पुढे ६० किलोचे टाकले. सत्तरच्या दशकात त्यासाठी अधूनमधून अर्धा दिवस गाड्या बंद ठेवाव्या लागल्या.

लेखापाल_नव्हे

शेवटी याच शिन्कान्सेननं राष्ट्रीय रेल्वे बुडवली ना? १९६४ मध्येच पहिला तोटा झाला.

आकडेमोड

तारीख जुळली म्हणून कारण जुळत नाही. तोकाइदो (तोक्यो-ओसाका) शिन्कान्सेन दोन-तीन वर्षांतच नफ्यात आली. जुलै १९६७ पर्यंत १० कोटी प्रवासी. बुडवलं मालवाहतुकीनं आणि मतदारसंघांसाठी टाकलेल्या फाट्यांनी (छोट्या शाखामार्गांनी). १९५५ मध्ये देशातल्या मालवाहतुकीचा निम्म्याहून अधिक टन-किमी वाटा रेल्वेचा, १९७५ मध्ये सुमारे १३ टक्के. वाघीण एका मार्शलिंग यार्डातून (वाघिणी सोडवून नव्या गाड्यांत जुळवायची जागा) दुसऱ्यात शंट होत जायची, माल कधी पोचेल हे स्टेशनमास्तरही सांगू शकत नसे. १९६९ मध्ये तोक्यो-नागोया तोमेइ महामार्ग पूर्ण झाला आणि ट्रक रात्रीत दारात. १९५९ मध्ये सुरू झालेली कंटेनरगाडी योग्य उत्तर होती, पण यार्डांची पद्धत बंद व्हायला १९८४ उजाडलं.

सगळ्यात बोलका पुरावा १९७५ चा. संपाच्या हक्कासाठी कामगारांनी आठ दिवस गाड्या बंद ठेवल्या. अपेक्षा अशी की तोक्योचा भाजीबाजार ओस पडेल. ट्रकनं माल येत राहिला, भाव भडकले नाहीत. वर १९७६ मध्ये भाडं ५० टक्क्यांनी वाढवलं आणि उरलेसुरले प्रवासीही विमानाकडे, खासगी रेल्वेकडे गेले. १ एप्रिल १९८७ ला राष्ट्रीय रेल्वेचं विभाजन झालं तेव्हा ३७ लाख कोटी येनचं ओझं होतं.

उएनो_फलाट

फाट्यांना नुसती शिवी देऊ नका. हिवाळ्यात बर्फानं रस्ता बंद झाल्यावर शाळा आणि दवाखाना त्या फाट्यावरच चालायचा. १९८० च्या कायद्यानं ८३ मार्ग बंद किंवा हस्तांतरित केले. त्यांचा खर्च रेल्वेच्या खात्यात टाकायचा की राज्याच्या, हा प्रश्न होता. तो तीस वर्षं कुणी सोडवला नाही.

आकडेमोड

हे मान्य. खातं चुकीचं होतं, मार्ग नव्हे.

जाताजाता

शेवटचा प्रश्न. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला खडी न टाकता काँक्रीटचा स्लॅब टाकतायत. तोकाइदोवर तेव्हाच का नाही टाकला?

खडीवाला

तेव्हा ते तंत्र तयारच नव्हतं. स्लॅब पुढे सान्यो शिन्कान्सेनवर सत्तरच्या दशकात मोठ्या प्रमाणात आला. शिवाय त्याला खाली न हलणारा पाया लागतो, म्हणजे उन्नत पूल किंवा बोगदा. तोकाइदोच्या ताज्या भरावावर स्लॅब टाकला असता तर तो तडकला असता आणि स्लॅब वर-खाली करणं खडीसारखं सोपं नसतं. खडीचं उलट: पहिला खर्च कमी, पण भराव बसेल तसं पुन्हा पुन्हा ठोकून समतल करत राहायचं. म्हणून तोकाइदोवर रात्री १२ ते सकाळी ६ गाडी नाही, तो सगळा वेळ देखभालीचा. आपला ५०८ किमीचा मार्ग बहुतांश उन्नत आहे, त्यामुळे तिथे स्लॅब जमतो.